चित्रातील अवकाश : चिनी आणि पाश्चात्त्य दृष्टी

चिनी चित्रकारांना यथादर्शनाचे ज्ञान नव्हते, असा समज युरोपात दीर्घकाळ रूढ होता. त्यांच्या चित्रांत दूरची माणसे लहान दिसतात, डोंगर धुक्यात विरतात. परंतु समांतर रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. जे आढळत नाही ते अवगतच नसावे, हा तर्क सोपा आहे. तथापि अकराव्या शतकातील शन ख्वो या विद्वानाची एक टीका वाचली की तो टिकत नाही.

शन ख्वोचा रोख होता लि छंगवर. दहाव्या शतकातील हा थोर निसर्गचित्रकार डोंगरावरील मंडपांची छपरे खालून पाहिल्यासारखी रंगवी. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला वळचणीखालचे वासे दिसतात, म्हणून ते दाखवावेत, हा त्याचा युक्तिवाद. शन ख्वोला हे मान्य नव्हते. खऱ्या डोंगराकडे खालून पाहिले तर पुढची एकच रांग दिसेल. मागच्या रांगा, दऱ्या आणि त्यांत घडणारे काहीही दिसणार नाही. म्हणून बागेतला कृत्रिम डोंगर आपण जसा पाहतो, तसे विशालातून लहानाकडे पाहावे, असे तो सांगतो. म्हणजे एका जागी खिळलेल्या डोळ्याची कल्पना चीनमध्ये मांडली गेली होती, तिच्यावर वाद झाला होता आणि ती अपुरी ठरवली गेली होती. लि छंगचे वासे गणिती यथादर्शन नव्हेत, हे खरे. पण प्रश्न अज्ञानाचा नव्हता.

फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभी नेमका याच्या उलट निर्णय झाला. ब्रुनेलेस्कीने तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र काढून फळीला छिद्र पाडले; प्रेक्षकाने मागून त्या छिद्राला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहायचे. एकच डोळा, आणि तोही अचल. आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले आणि चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. मासाच्चोच्या 'त्रिमूर्ती' या भित्तिचित्रातील रंगवलेला कमानदार कक्ष सांता मारिया नोव्हेल्लाच्या भिंतीत खरोखर खोल गेल्यासारखा भासतो, तो याच हिशेबामुळे. मराठीतील 'यथादर्शन' हा शब्द नेटका आहे खरा. पण जसे दिसते तसे म्हणजे कोणाला, कोठे उभे राहून, हे तो विचारू देत नाही.

ग्वो शीने १०७२ साली रंगवलेले 'वसंतारंभ' हे चित्र आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. रेशमावरील हा पट सुमारे १५८ सेंटिमीटर उंच आहे. पायथ्याशी होडीतून उतरणारी माणसे आपण जवळून पाहतो. मधला डोंगर मान वर करून. उजवीकडच्या घळीतील देवालयाची छपरे मात्र बरोबरीच्या उंचीवरून. आणि डावीकडे दरी सपाट होत दूर निघून जाते. या सर्व जागी एकाच वेळी उभे राहणे अशक्य. ग्वो शीच्या विचारांचे त्याच्या मुलाने जे संकलन केले, त्यात तीन प्रकारची दूरता सांगितली आहे : पायथ्यावरून शिखराकडे पाहताना उंच, डोंगरापुढून त्याच्या मागे डोकावताना खोल, जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगरांकडे पाहताना सपाट. तिन्ही व्याख्यांत पाहणारा वेगळ्या ठिकाणी आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच संकलनात असेही आहे की काही निसर्गचित्रे चालत जाण्याजोगी, काही पाहण्याजोगी, काही भटकण्याजोगी आणि काही राहण्याजोगी असतात, व शेवटची दोन श्रेष्ठ. खिडकीतून राहायला जाता येत नाही.

गुंडाळीपटात तर हे अधिकच उघड होते. झांग झदुआनचा 'छिंगमिंग'च्या वेळचा नदीकाठ पाच मीटरांहून लांब, पण उंचीने पंचवीस सेंटिमीटरही नाही. तो उजवीकडून थोडाथोडा उलगडत पाहायचा. त्याला एकच विलयबिंदू दिला असता, तर त्याच्यापासून दूर सरकताच घरे विद्रूप झाली असती. तिरप्या समांतर रेषा येथे गरजेच्याच आहेत.

अठराव्या शतकात दोन्ही परंपरा बीजिंगच्या दरबारात समोरासमोर आल्या. इटालियन जेझुइट चित्रकार कास्तील्योने १७१५ मध्ये तेथे पोहोचला. त्याच्या मदतीने न्यान शीयाओ या अधिकाऱ्याने यथादर्शनावर चिनी ग्रंथ सिद्ध केला. तो १७२९ साली प्रसिद्ध झाला. झोउ यीग्वी या दरबारी चित्रकाराने पाश्चात्त्यांचे भूमितीतील कौशल्य मान्य केले, त्यांच्या भिंतीवरील दालनांत चालत शिरावेसे वाटते असेही म्हटले, आणि तरीही कुंचल्याचे अंग नसल्यामुळे ही कारागिरीच ठरवली. यात शिष्टवर्गाचा अहंकार आहेच. युरोपीय समजाहून तो फारसा उदार नाही.

छ्यानलुंग सम्राटाला ही निवड करावीशी वाटली नसावी. निवृत्तीसाठी बांधलेल्या महालात त्याने युरोपीय पद्धतीची दृष्टिभ्रम घडवणारी भित्तिचित्रे करून घेतली. आणि ग्वो शीच्या 'वसंतारंभा'वर, उजवीकडे वर, डोंगरामागच्या रिकाम्या आकाशात, स्वतःची कविता लिहिली. ती अक्षरे त्या आकाशात परकी वाटत नाहीत.