एका यंत्राची धर्मशाळा



गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो आमच्या वलगावपाशी, पेढी नदीजवळ. बाबांनी बांधलेल्या धर्मशाळा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. इमारत एक, खोल्या अनेक. प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या दाराआड. पाणी आणि दिवाबत्ती मात्र सर्वांना वाटून देणारा व्यवस्थापक एकच. संगणकातल्या ‘व्हर्च्युअलायझेशन’चेही तसेच आहे. एका दणकट सर्व्हरच्या प्रोसेसरचे, मेमरीचे आणि डिस्कचे वाटे करायचे. प्रत्येक वाट्यात एक स्वतंत्र संगणक नांदतो, आणि त्याला वाटते की आख्खे यंत्र आपलेच! वाटे करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘हायपरवायझर’ म्हणतात.

ही युक्ती टंचाईतून जन्मली. १९६० च्या दशकात संगणक फार महाग होते. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात १९६७ साली ‘सीपी-४०’ वापरात आले. त्यात एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे चालत. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ आले. पुढे संगणक स्वस्त झाले आणि त्याबरोबर उधळपट्टीही आली. प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर, आणि तो बराच वेळ नुसता बसून! १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने हे हेरले. २००१ मध्ये तिने कोऱ्या सर्व्हरवर थेट बसणारे ‘ईएसएक्स’ आणले. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच यासाठी सोय केली.

बसवण्याची रीत तशी साधी. जुनी माहिती आधी दुसरीकडे उतरवून ठेवायची, कारण डिस्क पुसली जाते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करायची. पेन ड्राइव्हवरून हायपरवायझर चढवायचा, सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्यायचा. पुढची कामे दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून. सगळी मेमरी वाटून टाकू नये, व्यवस्थापकालाही थोडी लागते. आणि बॅकअप वेगळ्या यंत्रावरच ठेवावा; छप्पर कोसळले तर सगळीच बिऱ्हाडे उघड्यावर येतात.

छप्पर दुसऱ्या रीतीनेही जाऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पाठोपाठ कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि वर्गणी सुरू झाली. मग अनेकांची नजर ‘प्रॉक्समॉक्स’कडे वळली. २००८ पासूनचे हे मुक्त सॉफ्टवेअर ‘केव्हीएम’वर उभे आहे, आणि केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मोजक्या पैशांत संगणक कक्ष चालवणाऱ्या शाळा-कॉलेजांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक तयार केला. तिथे गणित उलटे होते: अनेक प्रोसेसर जोडून एक महासंगणक. पण परक्याच्या मर्जीवर राहायचे नाही, ही जिद्द त्यामागे होती. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यावरच ते काम उभे राहिले.

एकाचे अनेक करा की अनेकांचे एक, पाया कोणाचा हा प्रश्न सुटत नाही. बाबांनी धर्मशाळा बांधल्या, पण त्यांवर स्वतःची मालकी ठेवली नाही. खोल्या किती ते नंतर मोजावे. आधी जागा कोणाच्या नावावर आहे, ते विचारावे.

असो.