मंदीतला मुहूर्त

मुहूर्त पाहिल्यावाचून आपल्याकडे दाराची चौकटही बसत नाही. मग शेअर घेणाऱ्यांनी तो शोधावा यात नवल कसले? मुंबईचा शेअरबाजार लक्ष्मीपूजनाला तासभर उघडतो, तो याच श्रद्धेने. 2008 साली तो दिवस 28 ऑक्टोबरला आला. आदल्याच दिवशी बाजाराचा निर्देशांक 7,700 च्याही खाली जाऊन आला होता; जानेवारीत तोच 21,000 वर होता. मुहूर्ताच्या तासात भाव चढले आणि पुष्कळांना वाटले, तळ लागला.

यंत्रविद्येच्या मोठ्या कंपनीचा शेअर मंदीत केव्हा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला दूर जावयास नको. पिंपरीची टाटा मोटर्स घ्या. जुनी माणसे तिला टेल्कोच म्हणतात. जून 2008 मध्ये तिने फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरना घेतली आणि त्यासाठी एका वर्षाच्या मुदतीचे 3 अब्ज डॉलरचे कर्ज काढले. सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. त्याच सुमारास कंपनीने भागधारकांना 340 रुपयांनी हक्काचे शेअर देऊ केले. परंतु भरणा चालू असतानाच बाजारभाव त्याहून खाली उतरला! बाजारात स्वस्त मिळणारी वस्तू हक्काने महाग कोण घेणार? मोठा हिस्सा शेवटी प्रवर्तकांना व हमीदारांनाच उचलावा लागला.

लक्ष्मीपूजनानंतरही हा शेअर घसरतच राहिला. पिंपरीचा कारखाना नोव्हेंबरात काही दिवस बंद ठेवावा लागला, आणि वर्ष संपण्यापूर्वी भाव 130 च्या खाली गेला. पुढे 2009 अखेर तोच शेअर 800 च्या आसपास होता. म्हणजे ज्याने 340 भरले तो दोन महिन्यांत मूर्ख ठरला आणि सव्वा वर्षात शहाणा! दोन्ही वेळा माणूस तोच, पावतीही तीच.

तळ ओळखण्याची काही खूण होती का? आमच्या मते एक होती, आणि ती भावाच्या आलेखात नव्हती. जून 2009 मध्ये ते कर्ज फेडावयाचे होते. पैसा जगभर गोठलेला असताना ते फिटणार कसे, हीच खरी धास्ती होती. मे महिन्यात स्टेट बँकेच्या हमीवर कंपनीने 4,200 कोटींचे रोखे काढले, उरलेल्या कर्जाची मुदत वाढवून घेतली, आणि गळ्याचा फास सैल झाला. मात्र त्याची वाट पाहणाऱ्याला 130 चा भाव मिळाला नाही. वर्षाचा 2,500 कोटींवरचा एकत्रित तोटा छापून आला, तेव्हा तर भाव तळापासून दुपटीहून वर होता. बातमी वाचून मुहूर्त धरणाऱ्याची गाडी नेहमी अशीच चुकते.

शिवाय ही गोष्ट एकदाच घडली असे समजू नये. 2011 मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच शेअर झाले. 2015 च्या आरंभी यांतील एकेकाचा भाव 600 च्या घरात होता. पुढे तो 400 ला आला तेव्हा स्वस्त वाटला, 200 ला आला तेव्हा अधिकच स्वस्त. दोन्ही ठिकाणी घेणारे होते, आणि दोघांनाही तळ पुढेच भेटावयाचा होता.

आपल्या गावाची अडचण याहून वेगळी आहे, आणि मुंबईच्या दलालाला ती सहसा दिसत नाही. येथील पुष्कळ घरांत पगार, ओव्हरटाइम, भोसरीच्या लहान कारखान्याला मिळणारे सुट्या भागांचे काम, चाकणच्या रस्त्यावरील दुकानाचा गल्ला, हे सारे वाहनांच्या मागणीवरच चालते. शेअर स्वस्त होतो तो त्या मागणीला ओहोटी लागते तेव्हा. नेमकी त्याच वेळी घरातली शिल्लक खर्ची पडत असते. अशा माणसाला मुहूर्त कळला तरी त्या दिवशी त्याच्या हाती पैसा हवा ना? आणि असला, तरी ज्या फाटकातून पगार येतो त्याच फाटकात बचतही नेऊन ठेवावी काय?

मार्च 2020 च्या अखेरच्या आठवड्यात साथीमुळे पिंपरीचा कारखाना पुन्हा बंद झाला. शेअरचा भाव तेव्हा 70 रुपयांच्या आसपास होता.