मायलन हायस्कूल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इंडियाना राज्याच्या आग्नेय भागात, रिप्ली परगण्यातील मायलन या छोट्या गावाची सार्वजनिक माध्यमिक शाळा. येथे नववी ते बारावीचे वर्ग चालतात. गावाचे नाव इटलीतल्या मिलान शहरावरून आलेले असले तरी स्थानिक लोक ते ‘मायलन’ असेच उच्चारतात. सिनसिनाटी हे मोठे शहर येथून जवळ आहे आणि राज्याची राजधानी इंडियानापोलिस त्याहून दूर. गावाची लोकसंख्या 1954 मध्ये सुमारे 1150 होती. 2010 च्या जनगणनेत ती 1900 च्या आसपास भरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिनसिनाटीहून पश्चिमेकडे लोहमार्ग गेला आणि गाव त्याच्या कडेने वाढले. विसाव्या शतकाच्या मध्याला शेती, गावातला फर्निचरचा कारखाना आणि ओहायो नदीकाठच्या लॉरेन्सबर्गमधले मद्यनिर्मितीचे कारखाने यांवर येथील घरे चालत.

अमेरिकेत अशा हजारो शाळा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची नोंद परगण्याबाहेर कोणी घेत नाही. मायलनची घेतली जाते ती 20 मार्च 1954 च्या रात्री झालेल्या एका बास्केटबॉल सामन्यामुळे. 161 विद्यार्थ्यांच्या या शाळेने त्या रात्री इंडियानाचे राज्य विजेतेपद जिंकले.

प्रशासन आणि अभ्यासक्रम : शाळा ‘मायलन कम्युनिटी स्कूल कॉर्पोरेशन’ या स्थानिक संस्थेच्या अखत्यारीत आहे. 2009 पासून इंडियानात शिक्षकांचे पगार व दैनंदिन अध्यापनाचा मुख्य खर्च राज्याच्या तिजोरीतून, विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात भागवला जातो. इमारती, बस आणि कर्जफेड यांचा भार मात्र स्थानिक मालमत्ता करावर राहिला. लहान शाळेला ही व्यवस्था जड जाते. वर्गात पाच मुले कमी झाली म्हणून शिक्षक कमी करता येत नाही, पण निधी कमी होतोच.

अनेक वर्षे येथील शिक्षणाचा कणा ‘कोअर 40’ हा राज्यस्तरीय अभ्यासक्रम होता. चाळीस श्रेयांकांपैकी आठ इंग्रजीचे, सहा गणिताचे, सहा विज्ञानाचे आणि सहा सामाजिक शास्त्रांचे. उरलेल्यांत आरोग्य, शारीरिक शिक्षण व ऐच्छिक विषय. 2007 पासून नववीत येणाऱ्यांना हाच अभ्यासक्रम गृहीत धरला जाई. 2029 मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून त्याची जागा नव्या आराखड्याने घेतली आहे. एवढ्याशा शाळेत प्रत्येक व्यवसायाची कार्यशाळा उभारणे परवडत नाही, त्यामुळे परगण्याचे मुख्य ठिकाण असलेल्या व्हर्सेल्समधील साउथईस्टर्न करिअर सेंटर आसपासच्या अनेक शाळांच्या मुलांना व्यवसायशिक्षण देते.

शाळांचे एकत्रीकरण : इंडियाना विधिमंडळाने 1959 मध्ये शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि पुढच्या दशकात खेड्यापाड्यांतल्या शेकडो हायस्कुलांची नावे पुसली गेली. मायलनने 1954 च्या राज्यस्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात हरवलेल्या तिन्ही शाळांचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. क्रॉस प्लेन्स, ऑसगुड आणि व्हर्सेल्स या नावांनी आज एकही हायस्कूल नाही. तेथील मुले साउथ रिप्ली आणि जॅक-सेन-डेल या जोडशाळांत जातात. जॅक-सेन-डेल हे नावच जॅक्सन, सेंटर आणि डेलावेअर या तीन टाउनशिपांचे तुकडे जोडून झाले आहे. मायलनचे नाव टिकले. त्यात विजेतेपदाच्या पुण्याईचा वाटा किती आणि भूगोलाचा किती, हे ठरवणे अवघड आहे. पण जग ओळखते ते नाव आपणहून पुसायला कोणते गाव तयार होईल?

बास्केटबॉल : इंडियानाची राज्यस्पर्धा 1911 पासून चालत आली. बाद पद्धतीच्या या स्पर्धेत शाळेच्या आकाराचा विचारच नव्हता. शहरातली दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा आणि शेतांच्या मधोमध असलेली ऐंशी जणांची शाळा एकाच सोडतीत असत. 1954 मध्ये 751 शाळा उतरल्या होत्या.

मायलनचा विजय म्हणजे आभाळातून पडलेला चमत्कार, असे सांगण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, खरी नाही. ऑसगुडकडून मोठी हार पत्करल्यावर प्रशिक्षक हर्मन ग्रिन्स्टेड यांनी चिडून सात खेळाडूंना काढले आणि खालच्या वर्गांतल्या पोरांना संघात घेतले. ही पोरे लहान वयातच मोठ्यांशी खेळून तयार झाली. पुढे विनापरवानगी नवे गणवेश मागवल्याच्या कारणावरून ग्रिन्स्टेड यांची नोकरी गेली. त्यांच्या जागी 1952 मध्ये आलेले मार्विन वुड तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे होते. बटलर विद्यापीठात टोनी हिंकल यांच्या हाताखाली ते खेळले होते आणि हिंकल यांची शिस्तबद्ध, पासांवर उभी असलेली पद्धत त्यांनी मायलनला शिकवली. 1953 मध्ये संघ राज्याच्या अंतिम चौघांत पोहोचला आणि साउथ बेंड सेंट्रलकडून 56-37 असा हरला. त्याच संघातले बहुतेक जण पुढच्या वर्षी पुन्हा उतरले. शाळेत मुलगे होते 73.

उपांत्यपूर्व टप्प्यात मायलनची गाठ इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेशी पडली आणि मायलनने सामना 65-52 असा जिंकला. ॲटक्स ही 1927 मध्ये केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेली शाळा. अशा शाळांना राज्याच्या क्रीडासंघटनेने 1942 पर्यंत स्पर्धेत घेतलेच नव्हते. त्या दिवशी हरलेल्या संघात पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला ऑस्कर रॉबर्टसन होता. ॲटक्सने 1955 व 1956 अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद पटकावले. खुल्या राज्यस्पर्धेत केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेने मिळवलेले ते पहिले यश. इतिहासाच्या तराजूत ॲटक्सचे पारडे मायलनहून जड आहे, तरी लोककथा झाली ती मायलनचीच.

उपांत्य सामन्यात टेरे हॉटच्या गर्स्टमेयर शाळेला 60-48 असे हरवून मायलन त्याच रात्री बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहात अंतिम सामन्याला उभी राहिली. समोर मन्सी सेंट्रल होती. तिच्याकडे आधीची चार विजेतेपदे होती आणि विद्यार्थीसंख्या मायलनच्या दहापट. मध्यंतरापर्यंत मायलन 23-17 अशी पुढे होती. तिसऱ्या सत्राअखेर 26-26 अशी बरोबरी झाली. चौथ्या सत्रात मन्सीने दोन गुणांची आघाडी घेतली आणि नंतर जे घडले ते आजच्या प्रेक्षकाला वेडेपणा वाटेल. मागे असलेल्या मायलनचा बॉबी प्लंप चेंडू हातात धरून जवळपास मैदानाच्या मध्यावर उभा राहिला, तब्बल 4 मिनिटे 13 सेकंद. आघाडीवर असल्याने मन्सीला पुढे येऊन चेंडू हिसकावण्याची गरज नव्हती. वुड यांना सामना शेवटच्या क्षणांपर्यंत आवाक्यात ठेवायचा होता. उंच आणि तगड्या संघाशी धावाधाव केली तर आपला निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ठरावीक वेळेत चेंडू फेकण्याचे बंधन तेव्हा नव्हते. व्यावसायिक एनबीए स्पर्धेत चोवीस सेकंदांचा नियम आला तो त्याच वर्षी सुरू झालेल्या पुढच्या हंगामात.

एवढे थांबून प्लंपने मारलेली फेक हुकली. पण मन्सीकडून चेंडू सुटला, रे क्राफ्टने बरोबरी साधली आणि प्लंपच्या दोन फ्री थ्रोंनी मायलन 30-28 अशी पुढे गेली. मन्सीच्या जीन फ्लॉवर्सने पुन्हा बरोबरी केली. शेवटचे 18 सेकंद उरले असताना मायलनने वेळ मागून घेतला. ठरले एवढेच, की चारही सहकाऱ्यांनी एका बाजूला सरकायचे आणि प्लंपने आपल्या राखणदाराशी एकट्याने भिडायचे. त्याने सुमारे पंधरा फुटांवरून उडी मारून चेंडू बास्केटात टाकला. गुणफलक 32-30. दुसऱ्या दिवशी गावात लोटलेल्या गर्दीचा अंदाज चाळीस हजारांपर्यंत दिला जातो. गावची वस्ती तेव्हा हजार-बाराशेची.

प्लंप त्या वर्षीचा राज्यातील सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला, बटलरकडून खेळला आणि नंतर फिलिप्स 66 ऑइलर्स या हौशी संघात गेला. संघातले बहुतेक खेळाडू महाविद्यालयात गेले. शेतमजुरी किंवा कारखाना हेच पुढचे पाऊल असलेल्या गावात ही गोष्ट चषकाहून कमी नव्हती.

चित्रपट : 1986 मध्ये आलेला ‘हूजियर्स’ हा चित्रपट मायलनच्या कथेवर बेतलेला आहे. लेखक अँजेलो पिझो, दिग्दर्शक डेव्हिड ॲन्सपॉ. जीन हॅकमनने रंगवलेला प्रशिक्षक उतारवयाकडे झुकलेला आणि भूतकाळाचे ओझे वाहणारा आहे. प्रत्यक्षातले वुड तरुण, शांत आणि गावात सहज रुळलेले होते. चित्रपटातली शाळा हिकरी, काळ 1951-52 चा आणि अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी साउथ बेंड सेंट्रल, म्हणजे मायलनला प्रत्यक्षात हरवणारा संघ. अंतिम सामन्याचे चित्रीकरण मात्र खऱ्या जागी, बटलरच्या हिंकल फील्डहाउसमध्ये झाले. गावात आता 1954 च्या संघाचे संग्रहालय आहे आणि परदेशी पर्यटकही तेथे येतात, ते बहुधा चित्रपट पाहूनच.

इतर खेळ आणि स्पर्धेतील बदल : शाळेचे संघ ‘इंडियन्स’ या नावाने खेळतात. मुलींना राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धा मिळायला 1976 उजाडावे लागले, तेही शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 1972 च्या केंद्रीय कायद्यानंतर.

मुलांच्या स्पर्धेची एकच सोडत 1997 मध्ये संपली. 1997-98 पासून शाळा विद्यार्थीसंख्येनुसार चार गटांत विभागल्या गेल्या आणि एका विजेत्याऐवजी चार विजेते होऊ लागले. मन्सी सेंट्रलसारख्या शाळेशी अंतिम सामन्यात गाठ पडण्याची शक्यता मायलनसाठी तेव्हाच मिटली. नव्या रचनेचा लाभ मिळणार होता तो मायलनसारख्या लहान शाळांना, पण तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत प्लंप आघाडीवर होते. त्यांनी समविचारी लोकांची संघटना उभारून जुनी पद्धत टिकवण्यासाठी मोहीम चालवली. तिला यश आले नाही.