सुरतेच्या वाटेवरचा मुक्काम : शिरपामाळ
सुरतेची लूट म्हटली की आठवतात ती पेटलेली पेठ, किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार इनायतखान आणि वखार लढवणारा इंग्रज अधिकारी जॉर्ज ऑक्झेंडन. पण ६ जानेवारी १६६४ रोजी मराठी फौज सुरतेच्या वेशीवर उभी राहिली, त्यापूर्वीच मोहिमेचे अर्धे यश पदरात पडले होते. ते डोंगरवाटांवर मिळाले. (हा दिनांक इंग्रजी नोंदींतील जुन्या पंचांगाचा आहे. आजच्या पद्धतीने त्यात १० दिवस मिळवावेत.)

अडचण सोपी नव्हती. किनाऱ्याने जावे, तर वसई आणि दमण पोर्तुगीजांकडे आणि वाटेत खाड्याच खाड्या. घाटमाथ्याने जावे, तर नाशिक प्रांत मोगलांचा. उरला तो मधला मार्ग : त्र्यंबककडून घाट उतरून मोखाडा, जव्हार आणि तेथून उत्तरेस रामनगरच्या जंगलपट्ट्यातून गुजरातेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या या डोंगराळ पट्ट्यात मोगलांचे ठाणे नव्हते, तशी रुंद सडकही नव्हती. बहिर्जी जासुदाने सुरतेची खबर आणल्याचे सभासद बखरीत आहे. महाराजांनी नाशिक-त्र्यंबकच्या देवदर्शनाची हूल उठवली, असेही सांगितले जाते.

आता मुक्कामांचा हिशेब पाहा. निवडक घोडदळ ४,००० होते, असे इतिहासकार मानतात. एका घोड्याला दिवसाला २५ लिटर पाणी धरले, तरी रोजचे एक लाख लिटर झाले. वैरण आणि माणसांचे अन्न निराळेच. जव्हार-मोखाड्याचा पाऊस उदंड, पण हा काळा खडक पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात येथील पाड्यांवर आजही हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. पावसाळ्यात वाघ आणि पिंजाळ या नद्या वाट अडवतात. मार्गशीर्ष-पौषात मात्र भात कापून खाचरे मोकळी झालेली असतात, डोंगरउतारावर वाळलेले गवत असते आणि झरे अजून वाहते असतात. मोहिमेसाठी निवडलेला काळ नेमका हाच होता. हा योगायोग मानणे कठीण आहे.

परंतु पाणी आणि वैरण असली, तरी मुक्कामाला आणखी एक गोष्ट लागते : यजमानाची संमती. हा मुलूख मुकणे घराण्याचा, महादेव कोळी राजांचा. जव्हारच्या विक्रमशाहाने नुसता एक स्वार सुरतेला धाडला असता, तरी सारा बेत फसला असता. तसे घडले नाही. जव्हारजवळच्या एका मोकळ्या माळावर महाराजांचा तळ पडला, विक्रमशाहाने त्यांचा सत्कार करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून त्या जागेला शिरपामाळ हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. शिरपेचाची कथा कागदाने सिद्ध करणे अवघड आहे. नावातला ‘माळ’ मात्र बोलका आहे : डोंगराळ मुलखात हजारो घोडी बांधायला अशी सपाट जागा सहजी सापडत नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. ५ जानेवारीला फौज गणदेवीस, म्हणजे सुरतेपासून अवघ्या २८ मैलांवर, पोहोचल्याची बातमी शहरात आली. तटबंदी नसलेल्या शहराला तयारीसाठी जेमतेम एक दिवस मिळाला. १० जानेवारीला मराठे आले तसेच झपाट्याने परतले.

ही कथा बहुधा येथेच थांबवली जाते. पण शिरपामाळावर ज्याने पाहुणचार केला, त्याचे पुढे काय झाले? १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, तेव्हा फौज बागलाणमार्गे परतली आणि वणी-दिंडोरीजवळ तिला मोगलांशी लढावे लागले. सुरतेवर कायमची जरब ठेवायची, तर जव्हार आणि रामनगरची वाट दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणे स्वराज्याला परवडणारे नव्हते. ५ जून १६७२ रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकले. सुमारे १७ लाख रुपयांचा खजिना हाती आला. लगेच पुढे सरकून त्यांनी रामनगरही घेतले.

विक्रमशाहाला मुलूख सोडावा लागला. ऐन पावसाच्या तोंडावर तो घाट चढून नाशिककडे, मोगलांच्या आश्रयाला गेला.