ब्रायोझोआ, गोड्या पाण्यातील
तळी, जलाशय आणि संथ ओढ्यांत बुडालेल्या काटक्या, दगड, पाणवनस्पती यांवर वसाहतीने वाढणारे अपृष्ठवंशी प्राणी. पॉलिझोआ हे त्यांचे जुने नाव. ब्रायोझोआ संघातील बहुतांश जाती सागरी असून फायलॅक्टोलिमाटा हा वर्ग मात्र फक्त गोड्या पाण्यात आढळतो.

वसाहतीतला एकेक जीव जेमतेम मिलिमीटरभर असतो. तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे, बहुधा घोड्याच्या नालेच्या आकाराचे. त्यावरच्या पक्ष्माभिका पाण्याचा प्रवाह खेचून सूक्ष्म शैवाल तोंडाशी आणतात. जरा धक्का लागला की सारे कडे क्षणात आत ओढले जाते. 1740च्या दशकात हॉलंडमध्ये हायड्रा या गोड्या पाण्यातील प्राण्यावर काम करताना निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेंब्ली याने हे प्राणी पाहिले. दिसायला दोघे सारखे वाटले तरी हायड्राच्या देहपोकळीला एकच द्वार असते. ब्रायोझोआच्या अन्नमार्गाचे दुसरे टोक स्पर्शकांच्या कड्याबाहेर उघडते. दोघांची रचना मुळातच वेगळी.

अभ्यासकाच्या खऱ्या कामाचा भाग म्हणजे स्टॅटोब्लास्ट. दोन कठीण शिंपल्यांत बंद झालेला हा पेशीसमूह अलैंगिक रीतीने तयार होतो. वसाहत मरते, तळे आटते, हा टिकून राहतो आणि पाणी आले की त्यातून नवी वसाहत उगवते. अनेकांच्या कडेला हवा भरलेल्या कोशिकांचे वलय असल्याने ते तरंगतात. लोफोपोडेला कार्टेरीच्या स्टॅटोब्लास्टच्या दोन्ही टोकांना आकडेदार काटेही असतात. वसाहत मऊ, पारदर्शक आणि नाशवंत. जात ओळखायला बऱ्याचदा स्टॅटोब्लास्टच अधिक भरवशाचा.

लोफोपोडेला कार्टेरी या नावातला कार्टर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर (1813–1895). मुंबई बेटावरच्या तळ्यांतील स्पंजांवर त्याने 1849मध्ये लिहिले आणि 1859मध्ये स्पंजाच्या बीजासारख्या गुलिका व ब्रायोझोआचे स्टॅटोब्लास्ट यांच्या रचनेतील साम्य मांडले. नात्याने इतके दूरचे दोन गट तगून राहण्याचा सारखाच उपाय वापरतात. भारतातील या अभ्यासाचा पाया त्यानेच घातला असे म्हणावे लागेल. पुढे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल याने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत 1911मध्ये गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रॉइड आणि पॉलिझोआ एकाच खंडात घेतले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ही जुळणी विजोड, पण एकच काटकी उचलून तपासणाऱ्यासाठी सोयीची.

या प्राण्यांच्या वसाहती पाण्याच्या नळांत व गाळण्यांत वाढून प्रवाह अडवतात. युरोप-अमेरिकेत सामन कुळातील माशांच्या मूत्रपिंडाला सूज आणणाऱ्या एका परजीवीचे ब्रायोझोआ हे आश्रयदाते आहेत, हे 1990च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. तेव्हापासून मत्स्यसंवर्धकही त्यांच्याकडे लक्ष देऊ लागले.