पिल्लू जगलं, पण कोणाचं झालं?

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता लहानसा आहे. रानपक्ष्याचं पिल्लू माणसानं वाढवलं तर पुढे त्याचं काय होतं? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न कशाला हवा, असं कुणी म्हणेल. पण 'मी याचा जीव वाचवला' असं आपण म्हणतो, तेव्हा दया कुठे संपते आणि मालकी कुठे सुरू होते? विसाव्या शतकातल्या काही पक्ष्यांनी याचं उत्तर दिलेलं आहे. त्यांचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात बर्लिनपासून करू. ऑस्कर हाइनरोथ आणि त्यांच्या पत्नी माग्दालेना हे दोघं आपल्या राहत्या घरात पक्ष्यांची पिल्लं वाढवत आणि त्यांच्या नोंदी ठेवत. १९१० साली बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे हाइनरोथांनी सांगितलं, की यंत्रात उबवलेलं कलहंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताच माणसाकडे टक लावून पाहतं आणि मग माणसालाच आई समजून त्याच्या मागे चालू लागतं.

हाच धागा ऑस्ट्रियात कोनराड लोरेन्झ यांनी पुढे नेला. त्यांची 'मार्टिना' नावाची कलहंसी प्रसिद्ध आहे. तिला पाळीव हंसिणीच्या पंखाखाली ठेवून पाहिलं, तर ती रडत लोरेन्झांच्याच मागे आली. १९३५ साली त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. इंग्रजीत याला 'इंप्रिंटिंग' म्हणतात, आपण 'ठसा उमटणं' म्हणू. कलहंस, बदक, कोंबडी यांची पिल्लं जन्मतःच चालू लागतात, त्यामुळे त्यांच्यात हा ठसा पहिल्या काही तासांत उमटतो. चिमणी-साळुंकीची पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात. त्यांचं हे शिकणं सावकाश होतं.

पण लोरेन्झांच्या मागे चालणाऱ्या पिल्लाचा फोटो पाहून आपण हसतो आणि पुढचं विचारत नाही. हे पिल्लू मोठं झाल्यावर जोडीदार कोणात शोधणार?

याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. व्हूपिंग क्रेन हा पांढराशुभ्र, उंच क्रौंच पक्षी. १९४०च्या सुमारास त्यांची संख्या पंचवीसच्याही खाली गेली होती. १९६६ साली सॅन अँटोनिओच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचं एक मादी पिल्लू जन्मलं. जीव वाचावा म्हणून त्याला माणसाच्या घरात वाढवलं. पिल्लू जगलं. त्याचं नाव टेक्स. पण वयात आल्यावर टेक्स नर क्रौंचाकडे ढुंकूनही बघेना. तिच्या लेखी ती माणूसच होती!

मग १९७६ पासून विस्कॉन्सिनमधल्या बाराबू इथे जॉर्ज आर्चिबाल्ड हे शास्त्रज्ञ तिचे जोडीदार झाले. क्रौंच जोडीनं नाचतात, म्हणून हा गृहस्थ हात पसरून, उड्या मारत तिच्याबरोबर नाचायचा. तिनं अंडी घालावीत म्हणून हा खटाटोप. अंडं फळावं म्हणून कृत्रिम रेतन करावं लागे. १९८२ साली अखेर एक पिल्लू जन्मलं, 'जी व्हिझ'. त्यानंतर थोड्याच दिवसांत टेक्सला रॅकूननं मारलं.

ही प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आहेच ती. पण तिच्यातलं दुःखही बघा. टेक्स सोळा वर्षं जगली, ती क्रौंच असून क्रौंचांत परकी म्हणून.

यातून पद्धत बदलली. पिल्लं सांभाळणारी माणसं पांढरा झगा घालू लागली, चेहरा झाकू लागली. हातात क्रौंचाच्या डोक्याचं बाहुलं, त्याच्या चोचीतून भरवायचं, आणि पिल्लापुढे बोलायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांनाही असंच बाहुल्यानं वाढवलं. १९८७ साली जगात ते २७ उरले होते आणि सगळे पिंजऱ्यात होते. १९९२ पासून त्यांना परत रानात सोडू लागले. मात्र नुसतं बाहुलं पुरत नाही, हेही कळलं. सुरुवातीला सोडलेले काही पक्षी माणसांच्या वस्तीजवळ यायचे, विजेच्या खांबांवर बसायचे. मग खांबांपासून दूर राहायचं शिक्षण द्यावं लागलं. शिवाय मोठे काँडोर सोबतीला ठेवले, शक्य तिथे आईबापांनाच पिल्लं वाढवू दिली. शिस्त लावायला जातीचंच कुणी लागतं.

मंडळी, आपल्या अंगणात एवढं नाट्य नसतं. पण तत्त्व तेच. पंख फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू खाली दिसलं, तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई जवळच असते. मांजर-कुत्र्यापासून बाजूला, झुडपात ठेवा आणि लांब व्हा. पिसं नसलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही. जखमी असेल तर खोक्यात, उबेत, अंधारात ठेवून वनखात्याला किंवा पक्षी जाणणाऱ्या डॉक्टरांना कळवा. दूध देऊ नका, ते त्याला पचत नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि पाळण्याचा विचार तर नकोच. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला परवानगी देत नाही.

आपल्या संस्कृतीत उपकाराची जाण ठेवावी म्हणतात. पाखराच्या बाबतीत मात्र मला उलटं वाटतं. त्यानं आपल्याला ओळखलंच नाही, तर आपलं काम नीट झालं.