मोडीत निघालेले दिवे

आषाढातल्या अमावास्येला आपल्याकडे घरातले सारे दिवे खाली काढतात. समई, निरांजने, लामणदिवा चिंचेने घासून लख्ख करतात, पाटावर मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. या घासण्यापुसण्यात भक्ती तर आहेच, पण एक चोख व्यवहारही आहे. पितळेची समई सासूकडून सुनेकडे जाते. तिला चीर पडली तर डाख लावून घ्यावयाचा, आणि ती अगदीच कामातून गेली तर कासाराच्या दुकानात मोडीत घालावयाची. कासार तिचे वजन करी, मोडीचा भाव सांगी आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करी. म्हणजे दिवा घरात येई तेव्हाच त्याच्या शेवटाचा हिशेब ठरलेला असे.

गेल्या सवाशे वर्षांत माणसाने आपले दिवे चार-पाच वेळा बदलले. दर वेळी उद्देश एकच होता : तेवढ्याच इंधनात अधिक प्रकाश मिळावा. ही काटकसर खरी आहे आणि तिच्याबद्दल शोधकांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु या बदलांचा इतिहास लिहिताना नव्या दिव्याचे कौतुक होते. जुन्याचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. दिवाळीच्या निमित्ताने त्या मोडीचीच गोष्ट पाहू.

पहिली गोष्ट ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याची. गॅसची उघडी ज्योत पिवळसर आणि मंद असे. तीवर धातूंच्या क्षारांत भिजवलेली सुती जाळी धरली तर जाळी पांढरीशुभ्र तळपते, हे त्याने ताडले. १८९१ साली त्याला नेमके मिश्रण सापडले : नव्व्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड आणि एक भाग सेरियम ऑक्साइड. तेवढ्याच गॅसमध्ये कितीतरी पट उजेड पडू लागला. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडावर ज्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भकभकत, त्यांतले मॅन्टल म्हणजे हीच जाळी. तिच्यासाठी लागणाऱ्या थोरियमचा एक मोठा साठा आपल्याच देशात निघाला. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील रेतीत मोनाझाइट आहे, हे १९०९ साली एका जर्मन रसायनतज्ज्ञाने ओळखले.

यात एक अडचण होती, आणि ती तेव्हा कोणाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ साली, आणि थोरियम किरणोत्सर्गी आहे हे कळले १८९८ साली. तोवर मॅन्टलचे कारखाने जोरात चालू झाले होते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील कॅम्डन आणि ग्लॉस्टर सिटी या गावी अशा कारखान्यांतून थोरियम काढून उरलेला चोथा आसपासच्या खोलगट जागा बुजविण्यासाठी वापरला गेला. त्या जमिनीवर पुढे घरे उठली. १९८१ साली विमानातून किरणोत्सर्गाची पाहणी झाली तेव्हा या वस्त्यांची जमीन वेगळी असल्याचे दिसून आले. १९९६ साली ती जागा अमेरिकेतील सर्वांत दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली आणि घरांच्या भोवतालची माती खणून हलवावी लागली. गॅसची बचत पणजोबांनी केली; खणण्याचा खर्च पणतवंडांनी सोसला.

दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. नळीत पाऱ्याची वाफ, तिच्यातून वीज गेली की अदृश्य अतिनील किरण निघावयाचे आणि नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर आदळून त्यांचा प्रकाश व्हावयाचा, अशी ही योजना. अमेरिकेत १९३८ साली ही नळी बाजारात आली. तारेच्या बल्बपेक्षा ती तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक उजेड देई, म्हणून दुसऱ्या महायुद्धात रात्रपाळीच्या कारखान्यांनी ती उचलून धरली. पण सुरुवातीच्या त्या पांढऱ्या भुकटीत बेरिलियम नावाची धातू होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथे नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यातील तरुण मुलींना धाप लागू लागली, वजन घटू लागले. प्रथम त्याला क्षय म्हटले गेले, मग आणखी काही. डॉक्टर हॅरिएट हार्डी या बाईंनी चिकाटीने माग काढला आणि १९४६ साली सहकाऱ्यासह निबंध प्रसिद्ध करून बोट बेरिलियमकडे दाखविले. काम सोडून काही काळ लोटल्यावरही हा रोग डोके वर काढी. टाकून दिलेली नळी फुटून तिच्या काचेने हात कापला तर जखम लवकर भरत नसे, असाही अनुभव आला. अखेर १९४९ साली अमेरिकेतील कारखानदारांनी बेरिलियम सोडले. त्याच्या जागी ब्रिटनमध्ये १९४२ साली सापडलेली निर्धोक भुकटी आली. म्हणजे पर्याय असतो. फक्त तो शोधावयास कोणीतरी भाग पाडावे लागते.

नळीबरोबर चोक आला. घुं घुं करणारा तो काळा डबा आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेत या डब्यातील कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचे तेल घालीत. ते पेट घेत नाही आणि सहजासहजी नासत नाही, म्हणून सुरक्षित समजले जाई. पण जे नासत नाही ते मातीत, माशात आणि माणसातही साचून राहते. १९६८ साली जपानमध्ये खाण्याच्या तेलात पीसीबी मिसळून हजारो लोक आजारी पडले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. अमेरिकेने १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. परंतु छताला आधीच टांगलेले चोक टांगलेलेच राहिले.

पुढचा भाग विशेष बोधप्रद आहे. १९९१ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कचेऱ्यांनी व कारखान्यांनी जुने दिवे काढून काटकसरीचे बसवावेत, अशी मोहीम सुरू केली. वीज वाचू लागली, आणि छतावरून जुने चोक व नळ्या उतरू लागल्या. मग या उतरलेल्या मालाचे करावयाचे काय, हा प्रश्न त्याच खात्यापुढे उभा राहिला. विजेची बचत मांडताना जुन्या सामानाच्या विल्हेवाटीचा खर्चही धरा, असे मालकांना सांगावे लागले. १९९९ साली पाऱ्याचे दिवे वेगळे गोळा करण्याचे सुटसुटीत नियमही तेथे झाले.

ज्यांनी बदल लांबणीवर टाकला त्यांचे काय झाले? न्यू यॉर्कच्या शाळांत जुन्या चोकमधून पीसीबीचे तेल झिरपत असल्याचे उघडकीस आले. दिवे बदलावयास दहा वर्षे लागतील, असे नगरपालिकेने २०११ साली सांगितले. ज्या आईचे मूल पहिलीत आहे तिने दहा वर्षे थांबावे कसे? प्रकरण न्यायालयात गेले, २०१३ साली तडजोड झाली आणि २०१६ अखेरची मुदत ठरली. तात्पर्य, जुने सामान ठेवणे धोक्याचे आणि बेफिकिरीने टाकणेही धोक्याचे. ते रीतीने उतरवून रीतीने पोहोचवणे, एवढा एकच मार्ग उरतो.

आता आपल्या घराकडे येऊ. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा आखूड, पिळदार ट्यूबची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील एडवर्ड हॅमर यांनी १९७६ साली ती नळी वळवून दाखविली आणि कालांतराने तीच सीएफएल म्हणून घरोघर आली. भारतात २००९ साली ‘बचत लॅम्प योजना’ निघाली. तीत साध्या बल्बच्या किमतीत, म्हणजे १५ रुपयांत, सीएफएल देण्याची सोय होती. योजनेमागचे गणित सुबक होते. पण प्रत्येक दिव्यात चार-पाच मिलिग्रॅम पारा होता, आणि तो परत घेण्याची व्यवस्था वाटपाच्या वेगाने उभी राहिली नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दगडी कोळशातही पारा असतो आणि वीज करताना तो धुराड्यातून बाहेर पडतो. सीएफएलने वीज वाचवून जो पारा टाळला तो तिच्या पोटातल्या पाऱ्याहून अधिक होता, असे तिचे समर्थक म्हणत आणि कोळशावर चालणाऱ्या देशात ते बव्हंशी खरेही होते. मात्र धुराड्याचा पारा साऱ्या आभाळात पसरतो, तर फुटलेल्या दिव्याचा पारा आधी एका विशिष्ट माणसाच्या हाताला लागतो. तो हात कचरा वेचणाऱ्या बाईचा असतो. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या नावातच काच आहे. आपली वीज वाचली की त्या काचेत आणखी एका नळीची भर पडते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते?

कायदा उशिरा का होईना, आला. जो वस्तू करतो त्यानेच ती मोडीत निघाल्यावर परत घ्यावी, हे तत्त्व स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली मांडले. आपल्या कासाराचे शहाणपणच ते, फक्त नव्या भाषेत. भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू झाले, आणि २०१६ च्या नियमांत सीएफएल व पाऱ्याचे इतर दिवे स्पष्टपणे आले. असे दिवे बंदिस्त यंत्रात फोडतात, आतली हवा खेचून घेतात, काच आणि टोपणे वेगळी करतात, भुकटी तापवून पारा उडवतात आणि थंड करून पुन्हा गोळा करतात. काम अवघड नाही. दिवा तेथवर अखंड पोहोचणे अवघड आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली नळीच्या दिव्यांचे उत्पादन थांबविण्यासाठी २०२७ अखेरची मुदत ठरवली. म्हणजे ट्यूबचे राज्य संपत आले, पण घरोघरच्या उरलेल्या ट्यूब अजून उतरावयाच्या आहेत.

आणि आता एलईडी. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि पुढे तिच्यामार्फत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर गेले. २०१४ साली सरकारला ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. साठ वॉटच्या जागी नऊ वॉट, आणि पारा मुळीच नाही, ही प्रगती लहान नव्हे. पण हा बल्ब म्हणजे एक चिमुकले यंत्र आहे. त्यात ॲल्युमिनियम आहे, प्लॅस्टिक आहे, डाख दिलेली विद्युत्पट्टी आहे, आणि हे सारे एकमेकांना असे चिकटवलेले की सोडवणे कठीण. त्यातल्या त्यात समाधान इतकेच की आपल्या बाजारात दहा-वीस रुपयांत आतली पट्टी बदलून देणारे कारागीर बसलेले असतात. डाख लावणाऱ्याचे हे नवे वारसच. तरीही पहिल्या वर्षी वाटलेल्या बल्बांना आता दहा वर्षे उलटून गेली. त्यांची मोड कोणाकडे जाते, हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे.

तो विचारण्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. घरात ट्यूब किंवा सीएफएल फुटली तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, झाडूने न झाडता जाड पुठ्ठ्याने काच गोळा करावी आणि झाकणाच्या बरणीत बंद करावी. अखंड असेल तर जुन्याच खोक्यात घालून, वर खूण करून, वेगळी द्यावी. आणि यंदा दिवाळीला नवा दिवा घेताना दुकानदाराला किंमत विचाराल, हमी विचाराल, त्याबरोबर आपल्या आजीने कासाराला विचारलेला प्रश्नही विचारा : “याची मोड तुम्ही परत घ्याल ना?” पहिला दुकानदार हसेल. दहावा कदाचित कोपऱ्यात एक खोके ठेवील.